पान का पिकते?

गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या शाळेत अथणीकडच्या एका खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी आहे. दोन दिवसांच्या सुटीत तो घरी जाऊन परत आला तो हातात ज्वारीचे एक धाट घेऊनच. धाट शेंड्याकडे हिरवे होते. कणसातला दाणा चिकात होता. तळची दोन पाने कागदासारखी वाळली होती आणि मधली तीन-चार पाने कडेने पिवळी पडून शिरांजवळ तेवढी हिरवी राहिली होती. मुलाने त्यांतल्या एका पानावर बोट ठेवले आणि मला विचारले, “सर, हे पान जिवंत आहे की मेले आहे?”

प्रश्नामागे घरचा वाद होता. परतीचा पाऊस पुरेसा न झाल्याने जमिनीतली ओल लवकर सरली होती आणि गोठ्यातली वैरणही सरत आली होती. वडिलांचे म्हणणे असे की, पान पिवळे पडले म्हणजे ते गेलेच. ते ओरबाडून बैलांपुढे टाकावे, निदान त्यांचे पोट तरी भरेल. आजी म्हणत होती की, दाणा भरेपर्यंत पाल्याला हात लावू नये, कणीस हलके पडते. घरात निकाल लागेना, म्हणून मुलगा ते धाट घेऊन शाळेत आला होता.

मी निकाल देऊन मोकळा झालो. “पाणी कमी पडले म्हणून पान वाळते. पिवळे पडले म्हणजे त्याचे काम संपले,” असे मी सांगितले, म्हणजे वडिलांच्या बाजूने कौल दिला. रात्री मात्र माझ्या मनात शंका आली. पाणी जर सगळ्याच झाडाला कमी पडले असेल, तर पाने तळाकडूनच क्रमाने का पिवळी व्हावीत? आणि शिरांजवळचा भाग शेवटपर्यंत हिरवा का राहावा? पुस्तके चाळल्यावर माझ्या ध्यानात आले की, आपण घाईने दिलेला निकाल चुकला आहे. आजचे हे भाषण म्हणजे त्या निकालाची दुरुस्ती आहे असे समजावे.

प्रथम पान पिवळे पडते म्हणजे काय होते ते पाहू. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि हे हरितद्रव्य पेशीतल्या हरितकणांत साठलेले असते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे कारखाने ते हेच. हे कारखाने चालविण्यासाठी पुष्कळ प्रथिने लागतात, आणि प्रथिने म्हटली की नायट्रोजन आला, ज्याला आपले शेतकरी नत्र म्हणतात. गहू, भात यांसारख्या पिकांच्या पानात जेवढे नत्र असते, त्यापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के एकट्या हरितकणांत गुंतलेले असते. पान म्हणजे झाडाने नत्राची ठेव ठेवलेली पेढीच म्हणा ना.

पान म्हातारे होऊ लागले की झाड ही ठेव परत काढू लागते. हरितकणांतील प्रथिने मोडली जातात, त्यांची लहान लहान अमिनो आम्ले होतात आणि ती शिरांतील अन्नवाहिन्यांतून नव्या पानांकडे, कणसाकडे किंवा शेंगांकडे जातात. ह्या कामात एक ठरलेला क्रम दिसतो. हरितकण प्रथम मोडतात. पेशीचे केंद्रक आणि पेशीला शक्ती पुरविणारे तंतुकण मात्र जवळजवळ अखेरपर्यंत शाबूत राहतात, कारण मोडण्याच्या कामालाही हुकूम लागतो आणि शक्ती लागते. शिरांजवळचा भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो, कारण माल बाहेर नेण्याची वाट तीच. घर आवरताना दाराजवळची वाट आपणही सर्वांत शेवटी झाडतो.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात. पण ते झाड परत नेत नाही. हरितद्रव्य मोडून त्याचे रंगहीन पदार्थ होतात आणि ते गळणाऱ्या पानाबरोबर मातीत जातात. मग झाड ते मोडण्याचे कष्ट तरी का घेते? कारण असे की, प्रथिनांचा आधार सुटलेले मोकळे हरितद्रव्य प्रकाशात पेशीला घातक ठरते. पेशी वेळेआधीच मेली तर आवराआवर अर्धवट राहील. म्हणून झाड आधी ह्या घातक मालाची व्यवस्था लावते आणि मग प्रथिने बाहेर काढते. हिरवा रंग गेला की पानात पूर्वीपासून असलेली पिवळी द्रव्ये दिसू लागतात. आपल्या अंगणातल्या देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात, तो रंग मात्र झाड नव्याने तयार करते.

ही सर्व मोडतोड हुकमाने होते, आपोआप झिजून होत नाही, ह्याचा सुंदर पुरावा १९६१ साली योशिदा ह्या जपानी शास्त्रज्ञाने दिला. एलोडिया नावाच्या पाणवनस्पतीच्या पेशींना दाट द्रावणात ठेवले असता आतला जीवरस आकसतो आणि कधी कधी त्याचे दोन तुकडे होतात. एका तुकड्यात केंद्रक असते, दुसऱ्यात नसते. योशिदांना असे आढळले की, केंद्रक असलेल्या तुकड्यातील हरितकण मोडू लागले, तर केंद्रक नसलेल्या तुकड्यातील हरितकण जास्त काळ हिरवे राहिले. झिजणे हेच म्हातारपणाचे कारण असते, तर केंद्रकावाचूनचा तुकडा आधी खचावयास हवा होता. घडले उलटे. म्हातारपणाची आज्ञा केंद्रकातून येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आणि केंद्रकात काय असते? जनुके असतात. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. मुळाच्या पेशीत जी जनुके, तीच पानाच्या पेशीत. फरक पडतो तो त्यांतली कोणती वाचावयाची आणि कोणती मिटून ठेवावयाची ह्यामुळे. प्रत्येक जनुकाच्या आरंभी एक कळ असते. काही विशिष्ट प्रथिने त्या कळेवर येऊन बसली की जनुकाचे वाचन सुरू होते, त्याचा निरोप आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर जातो आणि त्या निरोपाप्रमाणे नवे प्रथिन घडते. कळ दाबणाऱ्या ह्या प्रथिनांना आपण नियंत्रक प्रथिने म्हणू. एकेक नियंत्रक अनेक जनुकांच्या कळा दाबू शकतो. त्यांतली काही जनुके दुसऱ्या नियंत्रकांची असतात. म्हणजे मुकादमाने मुकादम उठवावे तसा हा प्रकार चालतो.

ह्या विषयाचा पुष्कळ अभ्यास अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर झाला आहे. ते सुमारे सहा आठवड्यांत बी धरते, म्हणून प्रयोगाला सोयीचे. सर्व जनुकांचा आराखडा प्रथम हाती आला तो ह्याच वनस्पतीचा, २००० साली. ह्या रोपात नियंत्रक प्रथिनांचे नॅक नावाचे एक मोठे घराणे आहे; त्यात शंभराहून अधिक सभासद आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ओरे-१. नाव कोरियन शब्दावरून पडले आहे. ओरेसारा म्हणजे दीर्घकाळ जगणारे. दक्षिण कोरियातील संशोधकांना अशी काही रोपे आढळली की ज्यांची पाने लवकर पिकतच नाहीत. त्यांतल्या एका प्रकारच्या रोपात हेच जनुक बिघडलेले निघाले. म्हणजे जे जनुक नसल्यावर पान दीर्घायुषी होते, ते असल्यावर पानाला म्हातारे करते.

मग कोवळ्या पानाला ओरे-१ म्हातारे का करीत नाही? ह्याचे उत्तर त्याच संशोधकांनी २००९ साली दिले. कोवळ्या पानात आरएनएचा एक अतिशय लहान तुकडा असतो. ओरे-१चा निरोप केंद्रकातून निघाला की हा तुकडा त्याला चिकटतो आणि तो निरोप कापला जातो. हा झाला लगाम. पानाचे वय वाढत जाते तसा हा लगाम सैल होत जातो. तो सैल होण्यात एथिलीन नावाच्या वायूचा हात असतो. हाच वायू केळी-आंबे पिकवितो आणि पानांच्या म्हातारपणाचाही तो दूत आहे. लगाम सैल झाला की ओरे-१ वाढते आणि आवराआवरीच्या जनुकांच्या कळा दाबू लागते. एथिलीनचा प्रयोग अगदी कोवळ्या पानावर केला तर ते पिवळे पडत नाही. ठराविक वयाच्या पानावर केला तर पडते. निरोप एकच, पण तो मानावयाचा की नाही हे पानाचे वय ठरविते.

आता दुष्काळाकडे वळू. जमिनीतली ओल कमी झाली की झाडात ऍब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. ते प्रथम पर्णरंध्रे मिटवून घेते, म्हणजे वाफेच्या रूपाने जाणारे पाणी थांबते. हे आम्ल पेशीला ओळखू कसे येते हे कोडे पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. ते २००९ साली सुटले. पेशीत त्याची वाट पाहत बसलेली काही प्रथिने असतात. आम्ल येऊन त्यांच्या पोटात बसले की ती एका पहारेकरी प्रथिनाला धरून ठेवतात. हा पहारेकरी एरवी दुसऱ्या एका कामकरी प्रथिनाला दाबून ठेवीत असतो. पहारेकरी अडकला की कामकरी मोकळा होतो आणि तो दुष्काळाशी सामना करणाऱ्या जनुकांचे नियंत्रक जागे करतो.

ही सारी साखळी पुढे कोठे जाऊन मिळते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, दुष्काळाची ही साखळी म्हातारपणाच्या त्याच ओरे-१पर्यंत पोहोचते. ज्या रोपांत आम्ल ओळखणारे एक प्रथिन मुद्दाम वाढविले होते, त्यांची जुनी पाने कोरड पडताच इतरांपेक्षा लवकर पिवळी झाली. आणि तरीही तीच रोपे अधिक संख्येने जगली. जुन्या पानांवर होणारा पाण्याचा खर्च थांबला आणि कोवळे अंकुर वाचले.

म्हणजे वय आणि तहान ह्या दोन वेगळ्या वाटांनी निघालेल्या आज्ञा अखेर एकाच मुकादमाकडे येतात. माझ्या पहिल्या शंकेचे उत्तर ह्यात आहे. पाने केव्हा पिवळी पडावयाची हे दुष्काळ ठरवितो. कोणती आधी पडावयाची हे वय ठरविते. वैरण संपली की शेतकरी आधी भाकड जनावर बाजाराला नेतो आणि दुभती गाय व कालवड शक्य तितके दिवस राखतो. झाडही तेच करते. तळचे पान सावलीत असते, त्याची कमाई थोडी आणि वय मोठे. त्याचा क्रमांक पहिला लागतो.

हे म्हातारपण लांबविता येईल का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. सायटोकायनिन नावाची संप्रेरके पान तरुण राखतात हे १९५७ सालीच दिसून आले होते. रिचमंड आणि लँग ह्या संशोधकांनी तोडलेल्या पानांना कायनेटिन दिले तेव्हा ती इतर तोडलेल्या पानांहून जास्त दिवस हिरवी राहिली. पुढे १९९५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे गान आणि अमासिनो ह्यांनी एक युक्ती केली. जे जनुक केवळ पिकत्या पानात जागे होते, त्याची कळ त्यांनी काढली आणि सायटोकायनिन बनविणाऱ्या जनुकाला जोडून तंबाखूच्या झाडात घातली. पान पिकू लागले की कळ दाबली जाते, सायटोकायनिन बनते आणि पिकणे थांबते. पिकणे थांबले की कळ आपोआप सुटते. ती पाने कितीतरी अधिक काळ हिरवी राहिली. अशाच तऱ्हेची, पण दुसरी कळ लावलेली तंबाखूची झाडे कॅलिफोर्नियात तयार झाली, आणि नेहमीच्या ३० टक्के पाण्यावरही त्यांच्या उत्पन्नात फारशी घट आली नाही, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

पण हिरवेपणा म्हणजे तारुण्य असे समजण्यात धोका आहे. ह्याचे उदाहरण फार जुने आहे. ब्रून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, येथील मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मगुरूने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत त्यांना ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे दाणे मिळाले. तिनास एक हे प्रमाण आमचे विद्यार्थी पाठ करतात. त्या हिरव्या दाण्यांमागचे जनुक कोणते, हे मात्र २००७ साली कळले. हरितद्रव्याच्या रेणूतून मॅग्नेशियमचा अणू काढून त्याची मोडणी सुरू करणे हे त्या जनुकाचे काम, असे २०१६ साली जपानमध्ये सिद्ध झाले. ज्या वाटाण्यात ते बिघडलेले असते त्याची पानेही पिवळी पडत नाहीत, परंतु ती अन्नही करीत नाहीत. कारखाना बंद पडलेला असतो. फक्त भिंतींचा रंग टिकलेला असतो.

गव्हाचे उदाहरण तर आणखी विचार करावयास लावणारे आहे. पॅलेस्टाईनच्या बाजूला उगवणाऱ्या रानटी गव्हात नॅक घराण्यातलेच एक जनुक आहे. त्यामुळे पाने लवकर पिकतात आणि दाण्यात प्रथिने, जस्त व लोह अधिक उतरते. आजच्या बहुतेक गव्हांत हे जनुक निकामी झालेले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गव्हातील ह्या प्रकारच्या जनुकांचे काम दाबून टाकले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली. परंतु दाण्यातील प्रथिने, जस्त आणि लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले. पान वाचले आणि भाकरी-पोळीचा कस गेला. पानाने वेळेवर म्हातारे होणे हे दाण्याच्या हिताचे असते, हे ह्याहून स्पष्ट कसे दिसणार?

आणि आपली रब्बी ज्वारी? दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते आणि पाने फार लवकर पिकली तर धाट पोकळ होते, खडखड्या रोग पडतो आणि उभे पीक लोळते. म्हणून हिरवी टिकणारी ज्वारी शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. इथिओपियाकडच्या एका ज्वारीत हा गुण सापडला, आणि तो आपल्याकडच्या वाणांत आणण्याचे काम हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत झाले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली ह्या गुणाचे रहस्य दाखवून दिले. ही ज्वारी फुलोऱ्यापूर्वी फुटवे कमी काढते आणि वरची पाने लहान ठेवते. तिचा पाण्याचा खर्च आधीच कमी होतो, म्हणून दाणा भरताना तिच्या मुळाशी ओल उरते आणि पाने हिरवी राहतात. तिचा हिरवेपणा ही आधीच्या काटकसरीची शिल्लक आहे.

श्रोते हो, आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला बोलावले आणि सांगितले, “माझे उत्तर चुकले होते. तळचे, पूर्ण वाळलेले पान मेले आहे. त्याने आपले देणे फेडले आहे. मधले पिवळे पान जिवंत आहे आणि ह्या घटकेला तेच सर्वांत जास्त देत आहे. त्याचे नत्र शिरांमधून कणसाकडे चालले आहे. आज ते ओरबाडले तर कणसाच्या तोंडचा घास काढल्यासारखे होईल. आजीचे म्हणणे खरे आहे.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “पण सर, मग वाळलेल्या पानात बैलाला काय मिळणार?”

ह्या प्रश्नाने मी पुन्हा अडलो. कारण वडीलही वेडे नव्हते. जे नत्र दाण्याला हवे, तेच बैलाला हवे. अर्धवट पिवळ्या पानात कस आहे म्हणूनच बैल ते आवडीने खातो. पूर्ण वाळलेल्या पानात त्याच्या वाट्याला बहुतांशी चोथाच येतो. एवढ्याशा ठेवीचे दोन धनी, आणि दोघेही भुकेले. कोणाचा हक्क मोठा हे कोणतेही जनुक सांगत नाही. ते घरच्या माणसांनी कणगी आणि गोठा पाहून ठरवावयाचे असते. शास्त्र इतकेच सांगू शकते की, पिवळे पान तोडताना आपण फुकटचे काही घेत नाही.

पुढे तो मुलगा घरी जाऊन आला तेव्हा मी विचारले, काय झाले? वडिलांनी तळचा वाळका पाला तेवढा काढला, मधला राहू दिला आणि बैलांसाठी शेजाऱ्याकडून थोडा कडबा उसना आणला. दाणा भरला, असे तो म्हणाला. “आणि आजी काय म्हणाली?” मी विचारले. तो हसला. आजी म्हणाली होती, “एवढे सांगायला मास्तरांना दोन आठवडे कशाला लागले?”